जुनी साइट मुशीत घातली

नेटवर एकदा टाकलेलं कधी पुसत न्हाय, असं हल्ली शहाणी माणसं सांगत फिरतात. त्यातल्या एकाला माझ्यापुढं आणून उभा करा. मी पुसलंय. ह्या हातानं, पूर्ण शुद्धीत, दुपारचा चहा पिऊन आल्यावर. काय पुसलं, कसं पुसलं, सगळं सांगतो. फक्त मधीच ‘अरेरे’ म्हणायचं न्हाय. अरेरे म्हणणारी लई भेटली मला.

मी मल्लेश. गाव हुपरी. आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम, तसं आमच्या घरीबी. अप्पा, म्हणजे माझे वडील बसलिंगाप्पा, पैंजण घडवायचे. जुनं मोडीचं पैंजण आलं की त्यांचा एक नियम होता. ते आठ दिवस पेटीत ठेवायचं. कुणा बाईचं मन फिरतं, कुणाला सासूची आठवण येते, कुणी रडत परत मागायला येतं. आठ दिवसांत आलं तर द्यायचं. नवव्या दिवशी मुशीत घालून भट्टीवर. ‘एकदा आटल्यावर कुणाचं काय हुतं ते देवबी सांगू शकत न्हाय,’ अप्पा म्हणायचे, ‘म्हणून आठ दिवस. आणि आठ म्हणजे आठ.’ हे ऐकत मी मोठा झालो. घरात घड्याळ नव्हतं, पण हा नियम होता.

मला भट्टीचा धूर सोसंना. बारावी झाल्यावर कोल्हापूरला आलो. राजारामपुरीत संगमेशकाकांचा कॉम्प्युटर क्लास होता. काका म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ. त्यांच्याच घरात राहायचं, त्यांच्याच क्लासात शिकवायचं आणि फोनबी तेच उचलणार.

१९९९ साली मी माझी स्वतःची वेबसाइट केली. परदेशातली एक कंपनी फुकट जागा द्यायची. आयला, काय ती साइट! काळ्याकुट्ट पाटीवर पिवळी अक्षरं, डोक्यावर सरकत जाणारं ‘वेलकम’, दोन्ही बाजूला जळत्या मशाली, खाली किती माणसं येऊन गेली ते मोजणारा आकडा. रंकाळ्याच्या कट्ट्यावरचा माझा गॉगल घातलेला फोटो. आणि सगळ्यात खाली गेस्टबुक, म्हणजे येणाऱ्यानं आपलं नाव आणि चार ओळी लिहून जायची वही. आकडा दोनशेच्या वर गेला तवा मी क्लासात पेढे वाटले. त्यातलं दीडशे वेळा मीच उघडली होती ते सांगितलं न्हाय.

दानूनं बघितली तवा ती पोट धरून हसली. दानू म्हणजे दानेश्वरी, माझी धाकटी बहीण. ‘अण्णा, ही साइट हाय का गणपतीचा मांडव?’ म्हणाली. तरी पत्ता मात्र तिनं वहीत नीट उतरवून घेतला. लई तिखट जिभेची पोरगी. घरात अप्पांना उलटं बोलणारी ती एकटीच.

२००१ साली दानू अमरसिंहबरोबर निघून गेली. अमरसिंह कागलकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, एका व्यापाऱ्याकडं चांदी पोचवायच्या कामाला होता. पोरगा वाईट नव्हता, पण आमच्यातला नव्हता. अप्पांनी सगळ्या कामगारांपुढं सांगितलं, ‘माझ्या लेखी ती मेली. जो तिचं नाव काढील त्योबी मेला.’ दोघं लांब कुठंतरी उत्तरेला गेली. दानूनं एक पत्र माझ्या नावानं क्लासच्या पत्त्यावर धाडलं. काकांनी ते न उघडता हुपरीची बस धरली आणि अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते अव्वाच्या डोळ्यांदेखत भट्टीत टाकलं. अव्वा म्हणजे आमची आई. ती बघत उभी राहिली, कारण दुसरं करणार काय? त्यानंतर पत्र न्हाय, फोन न्हाय, काही न्हाय.

तीन महिन्यांनी मी क्लासजवळच्या बाळासोच्या सायबर कॅफेत बसून आपली साइट उघडली. गेस्टबुकात नवीन नाव होतं. नाव: शालूबाई. गाव: लांब. खाली इंग्रजी अक्षरात मराठी लिहिलंतं: ‘मांडव अजून सोडला न्हाय व्हय? मी बरी हाय. अव्वाचा गुडघा कसा हाय?’

प्लायवूडच्या त्या खोपट्यात मी तोंडावर रुमाल धरून रडलो. एवढा मोठा बाप्या, पण रडलो.

मग आमचं सुरू झालं. दानू गेस्टबुकात लिहायची आणि मी पहिल्या पानावर ‘आजची खबर’ म्हणून एक ओळ बदलायचो. ‘गुडघ्याला आराम.’ ‘आंब्याचं लोणचं घातलं.’ ‘म्हस व्याली, रेडकू झालं.’ बघणाऱ्याला वाटायचं ह्याचं डोकं फिरलंय, असलं कोण साइटवर लिहितं? फिरू दे की. इमेल कर म्हणून मी तिला एकदा सुचवलं, तर म्हणाली, ‘तुझा इमेल काका उघडतोय ते ठावं हाय मला. हितंच बरं. हितं सगळ्यांच्या समोर हाय, म्हणून कुणाला दिसत न्हाय.’ खरंच होतं. क्लासातल्या सगळ्यांचे पासवर्ड काकांच्या वहीत होते. आणि ती कुठं राहते ते तिनं शेवटपर्यंत लिहिलं न्हाय.

अव्वा दर सोमवारी गुडघ्याच्या इंजेक्शनचं निमित्त सांगून हुपरीहून यायची. इंजेक्शन महिन्यातनं एकदाच असायचं. अप्पा पैसे द्यायचे, विचारायचे न्हाईत. मी तिला कॅफेत बसवून दानूचं लिहिलेलं वाचून दाखवायचो. एकदा वाचून भागायचं न्हाय. ‘अजून एकदा वाच की, मगा,’ म्हणायची. मगा म्हणजे कन्नडात लेक. आणि पडद्यावर ज्या ओळीवर माझं बोट असंल तिथं स्वतःचा तळहात लावायची. बाळासो ओरडायचा, ‘मावशी, काच खराब हुतीय!’

‘पुसून देते की रं बाबा,’ अव्वा म्हणायची आणि पदरानं काच पुसायची. तीन वर्षं हे चाललं.

२००४ च्या उन्हाळ्यात दानूनं लिहिलं, दिवस गेलेत, सातवा चालू हाय. अव्वाला काय सुचंना. तिथंच खुर्चीवर बसून तिनं मला सांगायला सुरुवात केली, जड उचलू नगं, पपई खाऊ नगं, अळीव आणून ठेव. ‘आजची खबर’ पहिल्यांदा अकरा ओळींची झाली. मग पुढं दानूचं आलं: ‘दिवस भरत आलेत. आता थोडे दिवस जमायचं न्हाय. पोर झालं की पयल्यांदा अव्वाला सांगणार, हितंच.’

अव्वानं ते वाक्य चार वेळा ऐकलं. जाताना म्हणाली, ‘आता मला मरायला सवड न्हाय बघ. ते ऐकल्याबिगर मी कुठं जात न्हाय.’

आणि नेमकं तवाच पुण्याच्या एका कंपनीचा साहेब मुलाखती घ्यायला कोल्हापुरात आला. वेबसाइट करणारी माणसं पाहिजे होती त्यांना. मी सर्टिफिकेटं काढली, तर म्हणाला, ‘ती राहू देत. तुझी स्वतःची साइट दाखव.’ दाखवली. मशाली जळायला लागल्या. साहेबानं शेजारच्याला बोलावलं, ‘अरे, हे बघ!’ दोघं हसले. मी आपला घाम पुसत उभा.

मग साहेब जरा मऊ झाला. ‘हात चांगला आहे तुझा,’ म्हणाला, ‘पण ही जत्रा बंद कर. कोऱ्या पानापासून सुरू कर. सगळा कोड स्वतः लिही, कुठून उचलू नकोस. पंधरा दिवसांनी बघतो. आणि हे जुनं आधी काढून टाक. तुझं नाव शोधलं की हेच वर येतं, आमचं गिऱ्हाईक बघेल तर काय म्हणेल?’

काकांच्या घरातनं सुटायची ही एकच वाट होती. मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. साधं नोटपॅड उघडलं, कोरं. एकेक ओळ हातानं लिहिली. रंग, अक्षरं, जागा, सगळं वेगळ्या फाइलीत. पांढरी पाटी, डावीकडं बारीक यादी, उजवीकडं मजकूर. एका ब्राउझरात सरळ दिसलं की दुसऱ्यात वाकडं व्हायचं. ते सरळ करंस्तवर पहिल्यात खाली घसरायचं. दोन दिवस एका रेघेसाठी घालवले. तार ओढताना अप्पा एकेका छिद्रातनं ती बारीक करत न्यायचे, तसं मी ते पान बारीक करत नेलं. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला. फोटो बिनगॉगलचा. आणि गेस्टबुक फुकटचं न्हाय, स्वतः लिहिलं, दानूसाठी. त्यात मराठी अक्षरंबी नीट दिसायची. मला वाटलं, आता इंग्रजी अक्षरात तडफडायला नगं तिला, पोराचं नाव मराठीत लिहील. खोटं कशाला बोलू, तसलं देखणं काम मी आयुष्यात परत केलं न्हाय.

राहिली जुनी. तिच्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘साइट नव्या पत्त्यावर गेली आहे’, आणि खाली पत्ता. असं ते आठ दिवस ठेवलं.

आठ दिवस का? मला कुणी सांगितलं होतं का? न्हाय. कंपनी हाकलत होती का? न्हाय. वर्षभर ठेवली असती तरी फुकटच होती. पण आमच्यात आठ दिवस धरतात. जुन्या मालाला आठ दिवस, ज्याचं त्यानं येऊन घेऊन जावं, मग आपली जबाबदारी न्हाय. हे माझ्या डोक्यात एवढं मुरलेलं की मी विचारसुद्धा केला न्हाय. अक्कल शेण खायला गेलती, दुसरं काय.

नवव्या दिवशी दुपारी चहा पिऊन आलो. ‘खातं कायमचं बंद करायचं का?’ पडद्यानं विचारलं. व्हय म्हणून दाबलं. ‘नक्की?’ त्यानं परत विचारलं. बघा, यंत्राला कळत होतं, मला न्हाय. मी परत दाबलं. मशाली गेल्या, आकडा गेला, शालूबाईची तीन वर्षं गेली. आणि सांगायला लाज वाटते, मला मोकळं वाटलं.

साहेबाला नवी साइट पसंत पडली. नोकरी पक्की झाली.

सोमवारी अव्वा आली. मी नवी साइट उघडून दाखवली. ‘मशाली कुठं गेल्या?’ तिनं विचारलं. गेस्टबुक कोरं होतं. पुढच्या सोमवारीबी कोरं. तिसऱ्या सोमवारी अव्वा बराच वेळ त्या पांढऱ्या पानाकडं बघत बसली.

‘मगा, तिला नवा पत्ता कळला आसंल न्हवं?’

‘जुन्यावर लिवून ठेवलंतं की, अव्वा. चांगलं आठ दिवस.’

अव्वानं माझ्याकडं मान वळवली. रागावली न्हाय, ओरडली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं.

‘बाळंतीण सव्वा महिना उंबरा वलांडत न्हाय रं,’ ती म्हणाली. ‘तू आठ दिवस ठेवलंस व्हय?’

 बाळासोचा पंखा गरगरत होता, शेजारच्या खोपट्यात कुणीतरी गाणं लावलंतं, आणि मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. भट्टीचे दिवस मला पाठ होते. बाईमाणसाचे दिवस मला कुणी शिकवले न्हाईत आणि मीबी कधी विचारले न्हाईत.

मग धावाधाव. त्याच नावानं परत खातं उघडायला गेलो, तर ते नाव आता मिळणार न्हाय म्हणून उत्तर. कंपनीला इमेल केले, सात केले. एकाचं उत्तर आलं, तेबी यंत्रानं धाडलेलं. ज्यांचं गेस्टबुक होतं त्यांना कळवलं, तर साइट गेली की वहीबी जाते म्हणाले. मग मी अमरसिंहच्या गावाला गेलो. त्याची आई झुंबरबाई गोठ्यात शेण काढत होती. तिनं मला नखशिखांत बघितलं. ‘तुमच्या पोरीनं माझं पोरगं नेलं,’ म्हणाली, ‘आणि आता मलाच पत्ता इचारतोस? मला ठावं आस्ता तर मी हितं शेण काढत बसली आस्ती व्हय?’ तिच्या हातातलं शेण तसंच होतं. मी आल्या पावली परत फिरलो.

मी पुण्याला गेलो. अव्वाचं सोमवारचं कोल्हापूर बंद झालं. ती गावातल्या टेलिफोन बूथवरनं दर सोमवारी फोन करायची.

‘आली का?’

‘न्हाय, अव्वा.’

‘बरं. काम नीट कर.’ आणि ठेवायची. दीड वर्षात एक सोमवार चुकला न्हाय. मुलगा झाला का मुलगी, बाळंतीण सुखरूप हाय का न्हाय, एवढंच तिला ऐकायचं होतं. माणसाचं मागणं ते केवढं, आणि ते माझ्या हातानं आटवलेलं.

२००६ च्या जानेवारीत अव्वा गेली. कावीळ झाली आणि आठवड्यात संपलं. शेवटी शेवटी शुद्ध हरपली तरी बोटं चादरीवर फिरवायची, पुसल्यासारखी. माती झाल्यावर अप्पा माझ्याशेजारी येऊन बसले.  मग जमिनीकडं बघत म्हणाले, ‘कुणाला कळवायचं आसंल तर कळव.’

पाच वर्षांनी त्यांनी एवढं म्हटलं.  कळवू कुठं? सांगा की! ज्या माणसानं पत्र जाळलं त्यानं दार उघडलं, आणि वाट मी खणून टाकलेली.

मी पुण्याला येऊन नव्या साइटवर अव्वाचं एक पान केलं. तिचा फोटो, तारीख, आणि खाली फक्त एवढंच: ‘शालूबाई, अव्वा गेली.’ ते पान किती वेळा उघडलं ते मला दिसायचं. मी उघडायचो तेवढंच ते उघडलं जायचं.

पुढच्या वर्षी साहेबाच्या आईला नृसिंहवाडीचं दर्शन घडवायला मी गाडी घेऊन आलो. त्यांना देवळात सोडलं आणि पेढ्याच्या दुकानापुढं येऊन उभा राहिलो. पलीकडं एक बाई पोरीच्या तोंडाला लागलेला पेढा पुसत होती. पोरगी तीनेक वर्षांची. बाईनं मान वर केली, आणि ती दानू होती.

तिनं मला बघितलं, पोरीचा हात धरला आणि सरळ चालायला लागली. मी गर्दीतनं धावलो, लोकांना ढकललं, एकानं शिवी दिली. घाटाच्या पायऱ्यांवर तिला गाठलं.

‘दानू! थांब की!’

‘कशाला?’ ती म्हणाली. डोळे कोरडे. ‘सव्वा महिना झाला तशी पोरीला काखंत मारून कॅफेत गेलते. कॉम्प्युटर म्हणाला, पान न्हाईच. मला वाटलं बिघडलं आसंल. रोज गेलते, महिनाभर. मग कळलं, अण्णानंबी पुसली मला.’

‘पुसली न्हाय गं! नवी केली! पत्ता बदलला, जुन्यावर लिवलंतं, आठ दिवस…’ मी काय बडबडलो ते मला आठवत न्हाय. साहेब, नोकरी, मशाली, सगळं एका दमात सांगितलं. पायऱ्यांवर गुडघ्यावर बसलो होतो मी. दानू ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा सैल पडला. आणि मग ती चक्क हसली.

‘आठ दिवस!’ ती म्हणाली. ‘अप्पाचंच पोर तू. येडं ते येडंच.’ तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो.

‘ऊठ,’ ती म्हणाली, ‘आणि ऐक. आम्ही परवापतूर हितंच हाय. अव्वाला घिऊन ये. अप्पाला सांगू नगं, गुडघ्याचं इंजेक्शन म्हणून आण. हिला तिच्या मांडीवर ठिवायचीय मला. तीन वर्षं झाली, पयल्यांदा अव्वाला सांगीन म्हणून मी अजून दोन्ही घरांत कुणालाबी…’

मी उठलो न्हाय.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसू गेलं.

‘कवा?’ तिनं विचारलं.

‘गेल्या वर्षी, जानेवारीत.’

‘हिचं कळलंतं तिला?’

मी मान हलवली. न्हाय.  खाली संगमावर नावाडी ओरडून माणसं बोलावत होता.

‘आणि मला कळवलंस कुठं?’

‘नव्या साइटवर,’ मी म्हणालो.

 तिनं पोरीचा फ्रॉक सारखा केला, तोंडावरनं परत एकदा पदर फिरवला. पोरगी माझ्याकडं टकामका बघत होती. अव्वाचंच नाक.

‘आई, हे कोण?’ तिनं विचारलं.

‘कोण न्हाय गं,’ दानू म्हणाली. ‘पावणं हाईत. चल, बस चुकंल.’

दोघी पायऱ्या चढून गेल्या. वरनं वळून पोरीनं पाव्हण्याला करतात तसा मला टाटा केला, आणि मीबी हात हलवला.